चाखलेलं मोजत नाहीत

"काटा बिघडलाय तुमचा," पाकवाली म्हणाली.

डॉक्टरबाईंनी तिला खाली उतरवलं, स्वतः काट्यावर चढल्या, आकडा पाहिला आणि म्हणाल्या, "माझं तर बरोबर दाखवतोय. चढा पुन्हा."

ती पुन्हा चढली. चपला मघाशीच काढल्या होत्या. आता स्वेटर काढला, खिशातला किल्ल्यांचा जुडगा नवऱ्याच्या हातात कोंबला, छातीतला श्वाससुद्धा सोडून दिला. आकडा जागचा हलला नाही. दोन महिन्यांपूर्वी होता त्याहून अर्धा किलो वरच.

नवरा खिडकीबाहेर पाहू लागला. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं, शेजारच्या इमारतीची भिंत होती.

"दोन महिने मी अर्धपोटी आहे," पाकवाली म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "साखरेचा कण तोंडात घातलेला नाही. ह्यांना विचारा."

"नाही घातलेला," नवरा भिंतीकडे बघतच म्हणाला. "म्हणजे, माझ्यासमोर तरी नाही."

"तुमच्यासमोर तरी? म्हणजे काय हो?"

"हे बघा," डॉक्टरबाईंनी हात वर केला. "भांडण घरी करा. हवा खाऊन कुणाचं वजन वाढत नाही. तुमचं वजन जास्त आहे आणि रक्तातली साखर काठावर आहे. अशा माणसाची किडनी मी काढून घेतली तर भावाला बरं करताना बहिणीला पेशंट करून ठेवीन. दोन्ही आकडे खाली आणा, मग पुढच्या तपासण्या. नाहीतर दुसरा देणारा बघा."

दुसरा देणारा नव्हता, तिथंच तर सगळं अडलं होतं. धाकट्या भावाच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आई-वडील कधीच वारलेले. भावाच्या बायकोचं रक्त जुळत नव्हतं. जुळत होतं ते एकट्या ताईचं, आणि जुळतंय म्हटल्यावर ताईने क्षणाचा विचार न करता "घ्या" म्हणून सांगितलं होतं. आता घ्यायला डॉक्टर तयार नव्हते, कारण ताई जाडी होती.

जाडी ती होतीच, उगाच गुळमुळीत शब्द कशाला वापरायचे. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. लिफ्टमध्ये किती माणसं चढवायची याची पाटी असते, त्या हिशेबात "तुला दीड धरतो मी" असं तो म्हणायचा आणि तीही हसायची. पण भावाचं निघाल्यापासून हसणं बंद झालं होतं. डॉक्टरबाईंनी जे जे सांगितलं ते तिने मुकाट केलं होतं. चहातली साखर गेली. सकाळचा लोणी-जॅम लावलेला पाव गेला, त्याजागी एक उकडलेलं अंडं आलं. दुपारी डब्यात कच्ची काकडी आणि गाजरं. रात्री भाज्यांचं पातळ सूप, असलं की वाटीच्या तळाला स्वतःचा चेहरा दिसावा. नवरा बिचारा तेच प्यायचा आणि चार किलो उतरला होता. आणि हिचं अर्धा किलो वाढलं!

ती टॉफीच्या कारखान्यात पाक करायची. कारखाना म्हणजे काही धुराडं आणि भोंगा नव्हे. गल्लीच्या टोकाला एक लांबट खोली, चार शेगड्या, चार जाड बुडाची पातेली, मधोमध तेलाचा हात फिरवलेला संगमरवरी ओटा, आणि खिडकीशी टॉफीला कागद गुंडाळणाऱ्या बायकांचं टेबल. मागे छोटं अंगण आणि त्यात एक नळ. सकाळी साखर वितळायला लागली की वास गल्लीभर जायचा. लग्नाआधीपासून ती इथं होती. मालकिणीने एकदा हौसेने पाकासाठी थर्मामीटर आणला होता, तो अजून खोक्यातच होता. पाकवालीची जीभ असताना त्याला कोण विचारतो?

तिच्या ॲप्रनच्या दोरीला एक छोटा स्टीलचा चमचा बांधलेला असे. पातेल्यातला पाक त्या चमच्याने थंड पाण्यात सोडायचा, त्याची गोळी वळायची आणि तोंडात टाकायची. दाताला चिकटली तर अजून उकळू द्यायचा. कट्कन तुटली तर लोणी घालायची वेळ झाली. लोणी घातलं की एकदा बघायचं, मलई घातली की एकदा, मीठ टाकलं की एकदा. ओट्यावर ओतलं की कडेचा तुकडा, निवलं की मधला. मग दुसरं पातेलं, तिसरं, चौथं. आणि पुन्हा पहिलं.

पण खायचं मात्र नाही! याबाबतीत ती कडक होती. "कामावर खाणं मना" ही भिंतीवरची पाटी तिनेच मालकिणीच्या मागे लागून लावून घेतली होती. कागद गुंडाळणाऱ्या बायकांत एखादीचा गाल फुगलेला दिसला की ती त्या बाईला दाराबाहेर उभी करायची आणि गिळून, चूळ भरूनच आत घ्यायची. तिने स्वतः आयुष्यात एकाही टॉफीचा कागद सोडून ती तोंडात टाकली नव्हती. हे ती छातीला हात लावून सांगे, आणि शब्द न् शब्द खरं होतं.

दवाखान्यातून ती तशीच भावाकडे गेली. आठवड्यातून तीनदा त्याचं रक्त मशिनीवर शुद्ध करत. त्या दिवशी त्याची पाळी होती. लांबलचक खोली, ओळीने खुर्च्या, प्रत्येक खुर्चीशी घरघरणारं यंत्र. भाऊ बस चालवायचा. अवाढव्य बस तो गल्लीबोळातून अशी काढायचा की दोन्ही बाजूंच्या भिंतींना वाटावं, आपण सरकलो. आता त्याचे हात चादरीवर पडलेले होते आणि घोटे सुजून गोल झाले होते.

नर्स त्याच्यावर तोंड टाकत होती. "किती प्यायलात? खरं सांगा. दोन दिवसांत एवढं पाणी चढतं?"

"शपथेवर सांगतो, बाटलीभरच," भाऊ म्हणाला. दिवसाचं पाणी त्याला एका लहान बाटलीत मोजून दिलं जायचं, त्यावर घोट नाही. "फक्त घशाला कोरड पडली तर बर्फाचा खडा चोखला."

"किती खडे?"

"आता... चोखलेलं कोण मोजतं?"

"मी मोजते. बर्फ म्हणजे काय, दगड? पाणीच ना ते?"

भावाने असं काही तोंड केलं की पाकवालीला त्याही परिस्थितीत हसू आलं. मोठा माणूस, पण कपाटातला डबा उघडताना सापडलेल्या पोरासारखा. भावजय मात्र हसली नाही. ती उठली, नणंदेला बाहेर घेऊन गेली. बाहेर प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या आणि कुणीतरी विसरलेली छत्री.

"काय म्हणाल्या डॉक्टर?"

पाकवालीने सांगितलं. अर्धा किलो सांगताना तिची जीभ अडखळली.

भावजय नणंदेशेजारी खुर्चीवर टेकली. मग छत्रीकडे बघत हळूच म्हणाली, "वन्सं, एक बोलू? राग मानू नका. द्यायची नसेल तर तसं सरळ सांगा ना."

"काय?"

"भीती सगळ्यांनाच वाटते. पोट फाडून घ्यायचं म्हणजे काही चेष्टा नाही. मी काही म्हणणार नाही, खरंच. पण एकीकडे हो म्हणायचं आणि एकीकडे चोरून खात राहायचं... तिकडे त्यांचे पाय बघितलेत ना तुम्ही? आम्ही तुमच्या आशेवर बसलो आहोत."

पाकवालीच्या कानांत सूं झालं. आयुष्यात तिला कुणी आळशी म्हणालं होतं, तोंडाळ म्हणालं होतं, लिफ्टची दीड सवारी म्हणालं होतं. खोटारडी कुणी म्हणालं नव्हतं. आणि तेही पाठच्या भावाच्या बाबतीत, ज्याला तिने कडेवर घेऊन वाढवलं! तिला खूप काही बोलायचं होतं. पण मघाशी नवरा भिंतीकडे बघत म्हणालेलं "माझ्यासमोर तरी" तिला आठवलं. म्हणजे त्यालासुद्धा तसंच वाटत होतं. तिच्या शब्दापेक्षा काट्याचा शब्द वर झाला होता.

ती उठली आणि कामावर गेली. दुसरं काय करणार?

हे बोलणं भावाच्या कानावर गेलंच. दारं पातळ असतात आणि बायकोला पोटात काही ठेवता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मशिनीची पाळी नव्हती, तेव्हा धापा टाकत, दोनदा भिंतीला टेकत तो गल्लीच्या टोकापर्यंत आला आणि कारखान्याच्या दारात उभा राहिला.

"अरे, तू कशाला आलास?" पाकवाली ओरडली. "बस आधी. एऽ, त्याला स्टूल द्या कुणीतरी."

कागद गुंडाळणाऱ्या बायकांतली थोरली, जिला सगळे कागदवाली म्हणत, तिने स्टूल दिलं. भाऊ शेगडीपासून लांब भिंतीशी बसला.

"ताई, तिचं बोलणं मनावर घेऊ नकोस. घाबरलीय ती."

"मी कशाला मनावर घेऊ?" पाकवालीने पाक ढवळला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ती म्हणे वाफेने. "मला एवढंच सांग, तुला काय वाटतं? मी चोरून खाते?"

"नाही."

"मग वजन कशाने वाढलं?"

"ते मला काय ठाऊक? मी बस चालवतो."

ती त्याच्याशी बोलत होती, हात आपलं काम करत होते. पाक पाण्यात सोडला, गोळी वळली, तोंडात गेली. पुढच्या पातेल्यात लोणी पडलं, चमचा बुडला, वर आला, फुंकर, तोंडात. ओट्यावर मघाचं ओतलेलं होतं, त्याची कड मोडली, तोंडात. भाऊ बोलायचा थांबला. बस चालवणाऱ्या माणसाला समोर बघता बघता बाजूच्या आरशात काय हलतंय ते दिसतं, ती सवय जात नाही. तो तिच्या हाताकडे बघत राहिला.

"ताई, हे काय केलंस आत्ता?"

"काय केलं? पाक बघितला."

"तोंडात काय गेलं?"

"ती? ती चव रे."

"मग ती थुंकलीस कुठे?"

"थुंकायची कशाला?" तिने चमचा पुन्हा बुडवला. "थुंकली तर घशाशी काय लागतं ते कसं कळणार?"

"म्हणजे गिळलीस."

"अरे, खाल्लं नाही मी. चाखलं! चाखलेलं कुणी मोजतं का?"

हे वाक्य तोंडातून निघालं आणि दोघंही जिथल्या तिथं थिजली. भावाला नर्स आठवली असणार. पाकवालीला बर्फाचा खडा आठवला. चमचा हवेत तसाच राहिला आणि पाक त्यावरून तार धरून खाली गळत राहिला.

"छे!" ती म्हणाली. "एवढंसं तर असतं."

"खडाही एवढासाच असतो," भाऊ म्हणाला.

मग त्याने एक गोष्ट सुचवली. टॉफी भरायची काचेची मोकळी बरणी त्याने कागदवालीकडून मागून घेतली आणि ताईच्या हाताशी ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून जेवढी म्हणून चव तोंडात जाईल, तेवढीच दुसऱ्यांदा चमच्यात घेऊन बरणीत टाकायची. पाण्यातली गोळी वळली तर दुसरी गोळी वळायची. कड मोडली तर दुसरी कड मोडायची. काही लपवायचं नाही, काही वाढवायचं नाही.

"वेडा आहेस," ती म्हणाली. पण केलं. चार लोकांना दाखवून द्यायचंच होतं तिला. संध्याकाळी बरणीच्या बुडाला चिकटलेलं काहीतरी दिसेल, सगळे गप्प होतील आणि भावजयीलाही ते कळेल, अशी तिची खात्री होती.

दुपारी जेवणाच्या वेळेपर्यंत ती बरणीकडे बघायची टाळू लागली होती. संध्याकाळी शेगड्या विझल्या, भाऊ मशिनीवरून परस्पर तिथं आला आणि मालकिणीने तराजू ओढला. बायका टेबल सोडून भोवती जमल्या. एका पारड्यात बरणी, दुसऱ्यात तसलीच रिकामी बरणी आणि वर वजनं. मालकिणीने आधी पन्नास ग्रॅमचं वजन टाकलं. पारडं ढिम्म. शंभरचं टाकलं. ढिम्म. दोन्ही उचलून तिने पाव किलोचं टाकलं तेव्हा बरणीचं पारडं किंचित हललं आणि पुन्हा खाली बसलं. त्यावर पुन्हा पन्नासचं चढवलं तेव्हा कुठे काटा सरळ उभा राहिला.

बायका वाकून बरणीत बघू लागल्या. मग कागदवाली म्हणाली, "अगं बाई गं!"

पाकवाली ओट्याच्या कडेवरच बसली. तेलाचा ओटा, ॲप्रन खराब झाला, तिला भान नव्हतं. पाव किलोच्या वर साखर, लोणी आणि मलई. एका दिवसात! आणि त्यानंतर घरी जाऊन ती सूप प्यायची. काकडी खाताना स्वतःला शाबासकी द्यायची. नवऱ्याला चार किलो उतरवलं होतं तिने, स्वतः मात्र रोज ही बरणी रिचवून घरी यायची. लग्नाआधीपासून! ते वर्षांचं गणित मनात यायला लागलं तसं तिने डोळे मिटले.

"मी गाल फुगवलेल्या बायकांना दाराबाहेर उभं करत होते," ती म्हणाली.

"मला तर तीनदा केलंय," कागदवाली म्हणाली. "एकदा तर दाढ दुखत होती म्हणून गाल सुजला होता माझा."

खोलीभर हशा पिकला आणि पाकवालीला रडू फुटलं, दोन्ही एकदमच.

बरणी घेऊन भाऊ घरी गेला आणि बायकोच्या पुढ्यात जेवणाच्या टेबलावर ठेवली. पाकवाली दारातच उभी होती. आत यायची तिची हिंमत होईना.

"हे काय?" भावजयीने विचारलं.

"ताईचं चोरून खाणं," भाऊ म्हणाला. "तिच्यापासूनच चोरून."

सगळं ऐकून झाल्यावर भावजयीने बरणी उचलून उजेडात धरली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. "रोज? वन्सं, हे रोज?" तिचा चेहरा पांढरा पडला होता. "आणि मी तुम्हाला काय काय बोलले..."

"मीही तेच बोलले असते," पाकवाली म्हणाली. "मलाच माहीत नव्हतं, तर तुला कुठून कळणार? आता रडत बसू नकोस. ती बरणी आधी फेकून दे. मला तिचा वास येतोय आणि तोंडाला पाणी सुटतंय."

माफी वगैरे तेवढ्यावरच उरकली. पण भावजय त्या दिवसापासून जी मागे लागली ती लागली. पाकवालीच्या स्वयंपाकघरात येऊन तिने फळ्यांवरची एकेक बाटली उतरवली आणि मागचा बारीक मजकूर नाकाशी धरून वाचून दाखवला. टोमॅटोचा सॉस: साखर. पचनाला चांगली म्हणून आणलेली बिस्किटं: साखर. फळांचा रस: वर फळाचं चित्र, आत साखर. "अगं, सॉसमध्ये कशाला?" पाकवाली किंचाळली. पाक करण्यात जन्म गेलेल्या बाईला आपल्या फळीवरचा पाक ओळखता आला नव्हता. नवरा दारात उभा राहून म्हणाला, "आता मिठाचा डबाही वाचा, न जाणो."

खरी पंचाईत कारखान्यात झाली. चाखायचं, पण गिळायचं नाही. म्हणजे थुंकायचं.

"कुठे थुंकणार?" मालकिणीने विचारलं आणि स्वतःच्या प्रश्नानेच ती हादरली. "खाण्याच्या वस्तू बनतात इथं! माझ्या दारात लोकांनी काय बघायचं, पाकवाल्या बाई थुंकताहेत?"

"मग मी जाड राहते आणि माझा भाऊ मरू द्या," पाकवाली म्हणाली. मधलं बोलणं तिला कधी जमलंच नाही.

शेवटी मागच्या अंगणातला नळ ठरला. प्रत्येक चव तोंडात धरून अंगणात जायचं, थुंकायचं, चूळ भरायची, हात धुवायचे, परत यायचं. दिवसभर तिच्या खेपा सुरू. नळापर्यंत चालूनच निम्मं वजन उतरेल, असं कागदवाली म्हणायची. आणि कधीतरी तोंडात घास असताना कुणी काही विचारलं की ती हातवारे करत अंगणाकडे पळायची. नवीन गिऱ्हाइकांना ती मुकी वाटायची.

पहिले काही दिवस मात्र भयंकर गेले. साखर बंद झाली असं ती दोन महिने समजत होती. खरी बंद झाली ती आता, आणि तिचं अंग बिथरलं. डोकं ठणकायचं. हात थरथरायचे. एकदा नवऱ्याने नुसतं "मीठ कमी आहे" म्हटलं तर तिने वाटी आदळली. एका संध्याकाळी ती शेगडीपुढे उभी होती आणि चमचा तोंडात जाऊन, गिळून, रिकामा बाहेरही आला, तरी तिला कळलं नाही. कळलं तेव्हा ती स्वतःच्या हाताकडे बघत राहिली, जणू दुसऱ्या कुणाचा हात आपल्या खांद्याला लावलाय. त्या दिवसापासून तिने दोरीचा चमचा सोडून खिळ्याला टांगला. चमचा घ्यायला दोन पावलं टाकावी लागली की मध्ये विचार करायला जागा राहते.

डॉक्टरबाईंचा काटा पुढच्या खेपेला खाली आला. त्यांनी आकडा बघितला, तिला उतरवलं, स्वतः चढून बघितलं.

"काटा बिघडलाय का?" पाकवालीने विचारलं.

"गप्प बसा," डॉक्टरबाई म्हणाल्या, पण हसल्या. बरणीचं ऐकल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. "मी तुम्हाला काय खाता ते इतक्यांदा विचारलं. काय काम करता ते एकदाही विचारलं नाही," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग पुढे म्हणाल्या, "घाई करायची नाही. हळूहळूच उतरू दे."

उतरत गेलं. ॲप्रनची दोरी एकदा वळसा घेऊन बांधायची ती दोनदा येऊ लागली. गल्लीतल्या बायका तिला बाजूला घेऊन दबक्या आवाजात विचारू लागल्या, "डॉक्टरला दाखवलंस ना? काही मोठं तर नाही ना?" जाडी होती तेव्हा कुणी कधी तब्येत विचारली नव्हती.

आणि मग एका सकाळी तिला असा धक्का बसला की बरणीचा त्यापुढे काहीच नाही. नेहमीचा पाक, नेहमीची टॉफी, जिच्यासाठी लोक लांबून येत. तिने कडेचा तुकडा तोंडात टाकला आणि तोंड वाकडं केलं. अंगणात पळायच्या आधीच ती ओरडली, "साखर दुप्पट कुणी टाकली?"

"कुणी नाही," साखर मोजणारी बाई म्हणाली. "नेहमीचंच माप."

"थापा मारू नकोस. लोणी लागत नाही, मलई लागत नाही, मीठ तर नाहीच नाही. नुसती साखर!"

मालकिणीने चाखलं. कागदवालीने चाखलं. "नेहमीसारखीच आहे," दोघी म्हणाल्या.

पाकवालीने कालचा तुकडा घेतला. परवाचा घेतला. तेच. नुसतं गोड, बाकी काही नाही. ती अंगणात नळापाशी उभी राहिली आणि तिने पुन्हा चूळ भरली. टॉफी बदलली नव्हती. जीभ बदलली होती. ज्या जिभेवर ती इतकी वर्षं मिजास करत आली, ती जीभ साखरेने बधिर झालेली होती, आणि तिच्या नावावर गाजलेली टॉफी म्हणजे चिकट साखर होती. भावासाठी ती पोट उघडून द्यायला निघाली होती, त्याची भीती वाटली नव्हती. याची वाटली.

"साखर कमी करू या," ती आत येऊन मालकिणीला म्हणाली.

"गिऱ्हाइकं इथं जीभ सुधारायला येत नाहीत," मालकीण म्हणाली. "त्यांना गोड हवं, मी गोड विकते. तुमची जीभ तुमच्या घरी."

बरोबरच होतं तिचं. शेवटी गोडी कागदवाली बघू लागली, आणि दाताला चिकटतं की तुटतं, करपलं का, एवढंच पाकवाली बघू लागली. इतकी वर्षं फुगलेल्या गालासाठी शिक्षा भोगलेल्या कागदवालीला आता पगारी गोड मिळणार होतं. चार दिवस ती खूश होती. पाचव्या दिवशी तीही तोंड बंद करून अंगणाकडे पळताना दिसली. नळाशी दोघींची गाठ पडली.

"मला कुणी भाऊ नाही," चूळ भरून कागदवाली म्हणाली, "पण ती बरणी माझ्या डोळ्यांपुढून जात नाही हो बाई."

थंडी संपायच्या सुमाराला दोन्ही आकडे डॉक्टरबाईंना हवे तिथं आले. पुढच्या तपासण्या झाल्या. तारीख ठरली. ऑपरेशनच्या खोलीत नेण्यापूर्वी भावजय पाकवालीचा हात धरून उभी होती.

"आता द्यायची नसेल तर सांगा म्हणून विचारू नकोस हं," पाकवाली म्हणाली. "आता डॉक्टरबाई ऐकायच्या नाहीत."

भावजय एकदम हसली आणि हसता हसता भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

काही दिवसांनी पाकवालीला चालण्याची परवानगी मिळाली. टाक्यांवर हात दाबून, नवऱ्याचा दंड धरून ती भावाच्या खोलीपर्यंत गेली. तो उशीला टेकून बसला होता. तोंडाचा तो राखाडी रंग गेला होता, घोट्यांची हाडं दिसत होती. भावजय बाजूला बसली होती.

तेवढ्यात नर्स आत आली आणि तिने पलंगाशेजारच्या टेबलावर पाण्याने काठोकाठ भरलेला मोठा ग्लास ठेवला. त्यामागे पाण्याचा जगही ठेवला, तोही भरलेला.

"प्या," ती भावाला म्हणाली. "मग दुसरा. मोजायचं मी बघते, पण कमी प्यायलात तर ओरडेन."

भावजयीचा हात आपोआप पुढे गेला आणि ग्लासावर झाकणासारखा बसला. "एवढं? अहो, थांबा, एवढं कसं चालेल? त्यांना चालत नाही!"

"आता चालतं," नर्स म्हणाली.

भावजयीने हात काढला, पण भीतीने ओठ दातांखाली धरले. पाकवालीचा नवराही घाबरून पुढे सरकला. वर्षभर त्या लहान बाटलीवर सगळ्यांचे डोळे होते, ते असे एका दिवसात कुठे सुटणार? भावाने दोन्ही हातांनी ग्लास उचलला. ओठांना लावला. जिभेचं टोक भिजवलं आणि थांबला. पुन्हा ओठ ओले केले, पुन्हा थांबला, आणि चोरट्यासारखं सगळ्यांकडे बघितलं.

पाकवालीला राहवेना.

"चाखत काय बसलास?" ती ओरडली, आणि टाके ओढले गेले म्हणून कळवळून दोन्ही हातांनी पोट धरलं. "पी की सरळ!"

तो प्यायला. गटागटा, हनुवटीवरून ओघळेपर्यंत, डोळे मिटून, एका दमात. खोलीत त्याच्या घशाचा आवाज तेवढा ऐकू येत होता. ग्लास रिकामा झाला तेव्हा भावजयीने तो त्याच्या हातातून घेतला, उलटा करून तळाशी बघितला, आणि पुन्हा भरायला जग उचलला. तिने इतक्या घाईने ओतलं की अर्धं पाणी टेबलावर सांडलं, आणि ते कुणी पुसलंही नाही.